यशोदेच्या घरचा कडू घास

आमच्या गोंदिया जिल्ह्यात नर्सिंग होम म्हटलं की लोकांना बाळंतपण आठवतं, नाहीतर अपेंडिक्स. त्यामुळे आमच्या फाटकावर सुरुवातीला जी पाटी होती तिने एकदा भलताच घोळ घातला. भर दुपारी एक ऑटो थेट आत आला. आत कळा सुरू झालेली एक पोरगी आणि तिला धरून बसलेली तिची आई. आमच्या व्हरांड्यात बसलेल्या आज्यांची एकच धांदल उडाली. ज्यांना सकाळी स्वतःच्या सुनेचं नाव आठवत नव्हतं, त्यांनी त्या पोरीला कळ आली की काय करायचं ते न चुकता सांगितलं. मी ऑटोत बसून तिला आमच्याकडच्या गोरेगावच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या आणि आमच्या शेठजींनी लगेच पाटी बदलून घेतली. आता तिथे वृद्धसेवा केंद्र असं लिहिलेलं आहे.

अंथरुणाला खिळलेली, स्मरण गेलेली, एकट्याने राहू न शकणारी म्हातारी माणसं आमच्याकडे असायची. मुलं रायपूर, नागपूर, पुण्याला. ती वाईट नव्हती, लांब होती. मी स्वतः सरकारी परिचारिका. उभा जन्म दवाखान्यात काढून निवृत्त झाले आणि घरी बसून सुनेच्या भाजीत मीठ कमी की जास्त ते सांगत बसण्यापेक्षा बरं, म्हणून केंद्राची व्यवस्थापिका झाले. त्याबद्दल माझी सून अजून शेठजींचे आभार मानते.

केंद्राचे मालक शेठजी गोंदियाचे, राईस मिलवाले. त्यांनी मला एका वाक्यात काम सांगितलं, "मैडम, बस बुज़ुर्गों का ध्यान रखना है." मी मान डोलावली. पण पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की म्हाताऱ्यांकडे लक्ष द्यायला बायका होत्याच, आणि त्या माझ्यापेक्षा चांगलं लक्ष देत होत्या. त्या बायकांकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं की आपली नोकरी ही आहे. शेठजींना सांगायची घाई केली नाही.

या बायकांना आम्ही सेविका म्हणायचो. आजूबाजूच्या गावांतून त्या एसटीने, नवऱ्याच्या मोटारसायकलवर किंवा पायी यायच्या. काम काय, तर पडून असलेल्या माणसाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखम होते. अंग पुसायचं, डायपर बदलायचा, टाचा तपासायच्या. पेज भरवताना घास गिळला की गालात धरून ठेवला ते बघायचं. बाहेरच्यांना वाटतं हे हाताचं काम आहे. ते पाठीचं काम आहे. आणि पाठीहूनही जास्त जिभेचं, कारण ती आवरावी लागते. भ्रम झालेली माणसं शिव्या घालतात, बोचकारतात, कधी थोबाडीत मारतात. ज्याच्या हाताची थप्पड खाल्ली त्यालाच पुढचा घास भरवायचा, आणि तोही थंड झाला असेल तर गरम करून. हे मी तरी करू शकले नसते. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

म्हणून मी पहिला नियम केला. जिला मार बसला किंवा जिच्या डोक्यात राग चढला तिने काही न बोलता बाहेर आंब्याखाली जाऊन बसायचं. दुसरीने तिची जागा घ्यायची, तिसरीने चहा न्यायचा, आणि काय झालं ते कोणी विचारायचं नाही. बायकांनी त्याला रागाचा चहा असं नाव ठेवलं. एक सेविका आठवड्यातून फार वेळा मार खाऊ लागली तेव्हा मला शंका आली, पण मी चहा बंद केला नाही. एका चहाने कोणी बुडत नाही.

मध्यंतरी शेठजींच्या कानावर आलं की कर्मचाऱ्यांचं मनःस्वास्थ्य सांभाळायला हवं. मला आनंद झाला. त्यांनी नागपूरहून एक व्याख्याते बोलावले. त्या गृहस्थांनी सेविकांना गोल उभं केलं आणि मोठ्याने हसायला सांगितलं. बायका बिचाऱ्या हसल्या. पाहुण्याचा मान ठेवायची आपल्याकडे रीत आहे. आतल्या आज्याही हसल्या, कारण बाहेर लग्न आहे असं त्यांना वाटलं. ते गेल्यावर मी सेविकांना विचारलं की तुम्हाला खरंच काय हवं आहे. मग एक म्हणाली, बसायला पाठ असलेली खुर्ची. दुसरी म्हणाली, आतून कडी लागणारी एक खोली. तिसरी म्हणाली, रोवणीच्या दिवसांत सकाळची ड्युटी नको. धानाची रोवणी म्हणजे चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं, आणि त्यानंतर कोणाला उचलायचं म्हणजे कंबरेचा निकालच. शेठजींशी भांडून भांडून खुर्च्या आल्या, खोली झाली, रोवणीच्या ड्युट्या बदलल्या. खोलीला बायका माहेर म्हणायच्या.

माझी समजूत झाली होती की आता सगळं जमलं. तेव्हा अनसूया आजी गेली.

अनसूया आजी केशोरीकडची. तिच्या सासरच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधलेला, आणि तिच्या बोलण्यावरून वाटायचं की मातीच्या टोपल्या तिनेच वाहिल्या. पाय गेले होते, दिसत कमी होतं, पण तोंड शाबूत. मुलाचा फोन आला की नातवंडांची चौकशी मागाहून, पहिला प्रश्न तलावात पाणी किती. मुलगा नागपूरला. त्याला कुठून माहीत असणार?

तिची सेविका यशोदा. तिशी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी. या दोघींचं दिवसभर भांडण चालायचं. आजी म्हणायची तुझे हात थंड आहेत, यशोदा म्हणायची तुमची जीभ गरम आहे, तिच्यावर शेकते. पण रोज सकाळी यशोदा पडदा सारायची तेव्हा आजी विचारायची, "पानी किती वो?" आणि यशोदा सांगायची, "सलंग चालू झाला, आजी." सलंग म्हणजे तलाव काठोकाठ भरला की जादा पाणी जिथून वाहून जातं ती जागा. बाहेर वैशाख पेटलेला असो, यशोदेचा तलाव बारा महिने भरलेला. आजी समाधानाने हुं म्हणायची आणि मग तोंड धुऊ द्यायची. एकदा मी यशोदेला म्हटलं, अगं उन्हाळ्यात तरी थोडं उतरव पाणी. ती म्हणाली, कायले उतरवू बाई, मले काय वाहून आनाचं आहे?

एका सकाळी आजीने विचारलं, यशोदेने सांगितलं, आणि तोंड धुण्याचं पाणी घेऊन ती वळेपर्यंत आजी गेलेली होती. इतकं शांत मरण मी दवाखान्याच्या सगळ्या नोकरीत क्वचित पाहिलं. मुलगा आला, रडला, सगळ्यांना नमस्कार करून आईला गाडीतून केशोरीला घेऊन गेला. यशोदेने आजीला शेवटची साडी नेसवली, केस विंचरले, गाडीचं दार लागेपर्यंत उभी राहिली. मग आत येऊन तिने गादी उन्हात घातली, पलंग फिनाईलने धुतला आणि नवीन चादर घातली. त्याच दुपारी तिरोड्याच्या एक बाई त्या पलंगावर आल्या. जागेसाठी त्यांचं कुटुंब कधीपासून वाट बघत होतं, शेठजींनी शब्द दिला होता. यात कोणाचं काही चुकलं असं नाही. सगळ्याच केंद्रांत असंच चालतं.

यशोदा कामाला येत राहिली. मी दोनदा विचारलं, ती बरी आहे म्हणाली. ज्यांना बोलायची सवय नसते त्यांचं हेच अवघड असतं. त्या गप्प झाल्या तरी फरक कळत नाही.

आणि मग ती सकाळ. यशोदेने नेहमीसारखा पडदा सारला आणि पलंगाकडे पाठ असतानाच म्हणाली, "सलंग चालू झाला, आजी." तिरोड्याच्या बाई झोपेतून दचकल्या. त्यांना वाटलं खोलीत पाणी शिरलं. त्यांनी दोन्ही पाय वर ओढून घेतले आणि ओरडायला सुरुवात केली. आम्ही धावत गेलो. यशोदा भिंतीला टेकून उभी होती. तिने त्या बाईंची समजूत घातली, त्यांचे पाय सरळ केले, चादर नीट केली. मग अॅप्रन काढून घडी घातली, पलंगाच्या कडेवर ठेवली आणि फाटकाबाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. बाकीच्या सेविका कुजबुजू लागल्या की यशोदा हे काम सोडणार, धानाच्या मिलवर जाणार. मला धसकाच बसला. सेविका मिळतात, शिकवल्या की तयारही होतात. पण माणसाच्या कण्हण्यावरून त्याला तहान लागली की कूस बदलायची आहे हे ओळखणारी यशोदा एखादीच असते. ती गेली असती तर तिच्याकडे बघून टिकलेल्या दोघीतिघी तिच्या मागे गेल्या असत्या, आणि आमच्या अर्ध्या पलंगांवर जखमा झाल्या असत्या.

मी स्कूटीवर तिच्या गावी गेले. धानाच्या बांध्यांमधून कच्चा रस्ता, गावाच्या टोकाला घर. तिची सासू अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. सून नीट जेवत नाही, बोलत नाही, पोरांवर खेकसते. "कोन लागत होती जी ते बुढी इची? ना सगी ना सोयरी. लोकाच्या मानसासाठी आमच्या घरी चूल थंडी करावं का आमी?" बाई वाईट नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

यशोदा आतून आली. चहा ठेवला. मग जे बोलली ते मी अजून विसरले नाही.

"बाई, सुतक म्हनावं तं मी तिची कोनी नाई. नाई म्हनावं तं मंग मले जेवन काऊन जाऊन नाई राहिलं?"

मी चहा प्यायले, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत निघाले. रस्ताभर स्वतःवर चिडत होते. खुर्च्या दिल्या, खोली दिली, रागाला चहा दिला, आणि दुःखाला काय द्यायचं ते मला माहीत नव्हतं.

केंद्रात एक गुरुजी होते. निवृत्त मुख्याध्यापक, कंपवाताचे रुग्ण. दोन्ही हात सतत थरथरायचे, त्यामुळे त्यांना घास भरवावा लागे. याची त्यांना फार लाज वाटायची, आणि ती लाज झाकायला ते रुबाब करायचे. रोज सकाळी व्हरांड्यात बसून सेविकांची हजेरी घ्यायचे. नाव पुकारलं की हजर म्हणायचं. नवीन बायका खुसुखुसू हसायच्या, पण महिनाभरात त्यांनाही आपलं नाव पुकारलं गेल्याशिवाय चैन पडायचं नाही. मी परतले तेव्हा गुरुजी फाटकाकडे डोळे लावून बसले होते. यशोदा सलग गैरहजर का, असं त्यांनी मलाच दरडावून विचारलं. मी सगळं सांगितलं. जेवण जात नाही, हेही.

गुरुजी खुर्चीत ताठ बसले. मग म्हणाले, "सिस्टर, तिच्याकडे कडू घास कोणी नेला?"

आमच्याकडची रीत सांगते. ज्या घरी मयत होते त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी आपल्या घरून साधं भात-वरण शिजवून नेतात, समोर बसतात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात. तो कडू घास. तो खाल्ला की माणूस परत अन्नाला लागतो. यशोदेकडे तो कोणीच नेला नव्हता. गावाच्या लेखी तिच्या घरी मयत झालंच नव्हतं, आणि आमच्या लेखी फक्त एक पलंग रिकामा होऊन भरला होता.

व्हरांड्यात चर्चा रंगली. एका आजीचं म्हणणं की कडू घास त्याच दिवशी द्यायचा असतो, आता काय उपयोग. गुरुजी म्हणाले, मुलगा उशिरा आला तरी शाळेत घ्यावाच लागतो. दुसरीने विचारलं, पण शेजारी कोण? आणि तिथेच चर्चा संपली. कारण उत्तर त्यांना कळलं होतं. अनसूया आजीच्या पलंगाशेजारचे पलंग त्यांचेच होते.

मग काय विचारता. ज्यांचे हात चालत होते त्यांनी तांदूळ निवडले. स्वयंपाकिणीला बजावलं की वरणाला फोडणी द्यायची नाही, मयताच्या घासाला नसते. स्वतःला कुशीवर वळता न येणारी एक आजी पडल्या पडल्या मिठाचा अंदाज सांगत होती. शेठजींना कळवणं भाग होतं. त्यांनी फोनवर विचारलं, म्हाताऱ्यांना घेऊन कुठे चाललात? मी म्हटलं, गमी में, म्हणजे मयताच्या घरी. किसके यहाँ, त्यांनी घाबरून विचारलं. मी सांगितलं, अपनी यशोदा के यहाँ, अपनी अनसूया आजी की. मग म्हणाले, केंद्राच्या व्हॅनची मागची सीट खराब आहे, बुजुर्गांची पाठ दुखेल, मी माझी गाडी पाठवतो. मोठ्या मनाचा माणूस आहे, हे इथे नोंदवून ठेवते. मी त्यांच्याशी वर्षभर भांडले म्हणून ते खोटं होत नाही.

गाडीत गुरुजी, दोन आज्या आणि मी. ऐनवेळी तिरोड्याच्या बाईही हट्टाने चढल्या. मलाही यायचं आहे म्हणाल्या. कारण सांगितलं नाही.

यशोदेच्या अंगणात आम्ही उतरलो तेव्हा शेजारपाजारची माणसं जमा झाली. पांढरे केस, वॉकर, डबा. असा लवाजमा एकाच कारणासाठी येतो हे कोणालाही कळतं. सासू गोंधळून पुढे आली. "आमच्या घरी कोनी नाई मेलं जी," ती म्हणाली.

गुरुजींनी वॉकर घट्ट धरला. आयुष्यभर शुद्ध बोललेला माणूस, पण त्या अंगणात ते त्यांच्या आईच्या बोलीत बोलले. "मेलं ना, माय. तुमच्या सुनेचं मानूस गेलं. आमी शेजारी होवो. आमाले याले उशीर झाला."

सासू बघत राहिली. मग आत गेली. आत कुकर शिट्टीला आला होता. तिने गॅस बंद केला. बाहेर येऊन चटई अंथरली आणि यशोदेला हाक मारली. त्या बाईने गॅस बंद केला तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिच्या घरी मयत झालं हे तिने मान्य केलं होतं.

यशोदा आली, समोर बसली. गुरुजींनी डब्यातला भात कालवला. हात इतका थरथरत होता की अर्धा भात चटईवर पडला. कितीतरी दिवसांत त्यांनी स्वतःच्या तोंडापर्यंत घास नेला नव्हता. तो हात तिच्या तोंडाकडे निघाला, आणि यशोदेने काय करावं? सवयीने आपली ओंजळ त्यांच्या हाताखाली धरली, सांडू नये म्हणून. रोज ती त्यांच्या हनुवटीखाली धरते तशीच. त्या ओंजळीत भात सांडत राहिला, आणि उरलेली चार शितं तिने खाल्ली. मग तिला रडू फुटलं. आज्यांनी तिला रडू दिलं. त्यांना त्यातलं कळतं.

रडणं ओसरल्यावर तिरोड्याच्या बाई चटईवर सरकत पुढे आल्या. "उद्यापासून मलेबी सांगत जा वो, तलावात पानी किती ते," त्या म्हणाल्या. "आता मी पाय वर नाई करीन." यशोदा रडता रडता हसली. दुसऱ्या सकाळी गुरुजींनी तिचं नाव पुकारलं आणि ती हजर म्हणाली.

त्यानंतर आमच्याकडे रीतच पडली. कोणी गेलं की त्या दिवशी तो पलंग भरायचा नाही. ज्या सेविकेने त्याला सांभाळलं तिला चटईवर बसवायचं, आणि बाकीच्या म्हाताऱ्यांनी तिला कडू घास भरवायचा. वाट बघणाऱ्या कुटुंबांना शेठजी स्वतः सांगतात, आज नाही, आमच्या घरी मयत झालं आहे. हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचं सोडून दिलं. निदान त्या दिवसापुरतं.

सगळं साधलं असं नाही. चांगल्या शिकलेल्या दोघी पोरी दुसरीकडे गेल्या, मी त्यांना थांबवू शकले नाही. यशोदेची कंबर कायमची दुखरी झाली, आणि कंबरपट्ट्याशिवाय मी तिला काही देऊ शकले नाही. ती खंत आहे. पण या बायकांनी मला जे दाखवलं ते नर्सिंगच्या कोणत्याही वर्गात मी शिकले नव्हते. परक्या माणसाला सांभाळता सांभाळता तो आपला होतो, आणि मग त्याच्या जाण्याने आपलं घर रिकामं होतं, हे त्या दर वेळी सोसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणाचं तरी तोंड धुवायला हजर होतात. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो मी आता कोणापुढेही बोलून दाखवते.

मी काम सोडलं त्याच्या थोडं आधी गुरुजी गेले. सकाळीच गेले, हजेरी न घेता. यशोदेने त्यांचा चेहरा पुसला, थरथरून थरथरून आता निवांत झालेले हात छातीवर ठेवले आणि कोणी गेलं की करते तसा घरी फोन करून एवढंच सांगितलं की आज यायला उशीर होईल. गुरुजींचे नातेवाईक त्यांना घेऊन गेले. आज्या व्हरांड्यात तांदूळ निवडायला बसल्या. स्वयंपाकिणीने पातेलं अजून चढवलंही नव्हतं, तोच फाटकाशी एक ऑटो थांबला. फडक्यात बांधलेला डबा उराशी धरून एक म्हातारी उतरली. नवीन वॉचमनने तिला अडवलं आणि कोणाला भेटायचं ते विचारलं. मी उठून जाईपर्यंत यशोदेच्या सासूने त्याला उत्तर दिलं होतं.

"माज्या सुनेचं मानूस गेलं जी. घास आनला."

वॉचमनने फाटक उघडलं.